रेघा मारलेली जागा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.

एका गंभीर अन्यायाची नोंद करून ठेवतो. माझ्या चहाच्या पेल्याला लेप देण्यात आला आहे. मला न विचारता.

पेला स्टीलचा, नऊ वर्षांचा सोबती. शुक्रवारी चुकून खाली कारखान्यात राहिला. नव्या सिरॅमिक लेपाची चाचणी कशावर तरी घ्यायची म्हणून खालच्या मंडळींनी नेमका तोच उचलला. आता तो बाहेरून पांढराशुभ्र आहे आणि आत चहा उकळत असला तरी बोटांना पत्ता लागत नाही. हाताला कोमट, जिभेला निखारा. बोटं आजवर जिभेला जी पूर्वसूचना देत आली ती सोयच बंद. सकाळपासून त, थ, द, ध उच्चारता येत नाहीत. दंत्य वर्णांवाचून संस्कृत तर सोडाच, धड तक्रारही करता येत नाही.

म्हणून तक्रार लेखी केली. तीन परिच्छेद, शेवटी सविनय. मालक वाचून म्हणाले, वा, म्हणजे लेप छान बसलाय.

दुपारी ४. ही वही माझ्यापुरतीच, तरी संदर्भ स्वच्छ असावेत. लोक आमच्याकडे धातूचे पत्रे, नळ्या, झाकणं पाठवतात. आम्ही त्यांवर लेप चढवतो. कुठला लेप उष्णता अडवतो, कुठला वीज अडवतो, कुठला दोन्ही. गिऱ्हाइकाचं इंग्रजी पत्र आणि ड्रॉइंग वरच्या मजल्यावर माझ्या टेबलावर येतं, त्यावरून मी खालच्या लोकांसाठी मराठीत कामाची चिठ्ठी लिहितो. एकोणीस वर्षं. म्हणजे या कारखान्यात वरचं ज्ञान खाली उतरतं ते माझ्या लेखणीतून.

संकल्प: पहाटे पाचला उठून 'लेपशास्त्र' या ग्रंथाची रोज दोन पानं लिहायची. मराठीत या विषयावर काही नाही. उद्यापासून.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

पावणेआठला उठलो. जीभ दुखत होती.

आज पुन्हा 'बोट लावायला' खाली जावं लागलं. हा आमच्याकडचा एक रानटी नियम. चिठ्ठी कितीही सुबक लिहिली तरी नंतर जिना उतरायचा, एक नग हातात घ्यायचा आणि प्रत्येक जागेवर बोट ठेवून मोठ्याने म्हणायचं, इथे लेप, इथे उघडं. समोर टेपताई. जिथे लेप नको तिथे भट्टीत न जळणारी टेप चिकटवून झाकायचं, हे, म्हणजे मास्किंग, त्यांचं आणि त्यांच्या हाताखालच्या तिघींचं काम. बावीस वर्षं तेच करताहेत. खरं नाव बहुधा पगारपत्रकालाच ठाऊक असेल.

बाईंना एक गमतीची सवय आहे. मी बोट ठेवलं की त्या ते अलगद उचलून दोन इंच पलीकडे ठेवतात आणि विचारतात, इथे ना, पंडितजी? (मला सगळे पंडितजी म्हणतात. आदर.) मी मान डोलावतो. हाताने काम करणाऱ्यांना आपलाही निर्णयात वाटा आहे असं वाटू द्यावं, मन राहतं.

नियम घातला तो थोरल्या मालकांनी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडिलांनी. अकरा वर्षांपूर्वी काही नळ्यांच्या बाबतीत गैरसमज झाला होता, त्यानंतर. त्यात माझा दोष नव्हता. थोरले मालक गेले, नियम राहिला.

५ फेब्रुवारी, बुधवार.

ग्रंथाचं शीर्षकपान झालं. अर्पणपत्रिका झाली. ती कोणाला करावी याचा निर्णय बाकी.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १.

ऐतिहासिक दिवस. 'बोट लावणे: एक अनावश्यक प्रथा' हे टिपण मालकांपुढे ठेवलं. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धान्त, सगळं रीतसर. लेखन निःसंदिग्ध असेल तर बोटाची गरज काय? मालक फोनवर होते. टिपणाकडे बघत हाताने म्हणाले, बघा काय ते. ही लेखी नसली तरी संमतीच.

दुपारी ४. नव्या पद्धतीचं पहिलं काम लगेच हाती आलं, हा शुभसंकेत. विजेवर चालणाऱ्या बसच्या बॅटरीची झाकणं, अॅल्युमिनियमची, दोनशे चाळीस. ही सीटच्या खाली बसतात. लेप असा हवा की बॅटरीची उष्णता वर येऊ नये आणि वीज झाकणात उतरू नये.

ड्रॉइंगचे दोन कागद. पहिल्यावर झाकण, त्यावर सहा लहान वर्तुळं, वर्तुळांत तिरप्या रेघा. दुसऱ्यावर नुसतं कोष्टक आणि मुंगीएवढी अक्षरं. कोष्टकात आकडे असतात, विचार नसतो. ते बाजूला ठेवलं.

आता तर्क असा. रेघा मारायला कष्ट पडतात. जिथे काही करायचं नाही तिथे रेघा मारण्याचे कष्ट कोण घेईल? तेव्हा रेघा आहेत तिथेच लेप. शिवाय गेल्या महिन्यातल्या नळ्यांच्या ड्रॉइंगवर रेघांच्या जागीच लेप होता. अनुमानही आहे आणि दृष्टान्तही. चिठ्ठी लिहिली: 'रेखांकित वर्तुळषट्कावरच लेप करावा, तदितर समस्त पृष्ठभाग निःशेष आच्छादित करावा.' वाचून मलाच समाधान वाटलं. यात बोट शिरायला फट नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ११.

टेपताई वर आल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. हातात माझी चिठ्ठी, धाप लागलेली. म्हणाल्या, चारदा वाचली, पंडितजी. मराठी आहे एवढं कळलं. पुढचं तुम्ही सांगा.

सोपं करून सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, म्हणजे आख्ख्या झाकणाला टेप आणि सहा टिकल्यांना लेप? अंगभर पट्ट्या बांधायच्या आणि नखांना मलम लावायचं, असं झालं की हे.

उपमा बरी होती. ग्रंथात घेता येईल.

एकदा खाली येऊन बोट लावा, म्हणाल्या. मी सांगितलं, ती प्रथा आता बंद. मग ड्रॉइंग तरी दाखवा, म्हणाल्या. मी सांगितलं, ड्रॉइंग वरच्या मजल्याचा दस्तऐवज आहे, खाली तेलकट हात लागतात. बाई थोडा वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, बरं, मी विचारलं होतं एवढं तरी चिठ्ठीवर लिहून द्या.

आनंदाने दिलं. 'शंका विचारण्यात आली. लिहिल्याप्रमाणेच करावे.' खाली सही, तारीख, वेळ. त्यांनी घडी घालून अॅप्रनच्या खिशात ठेवली. माझं अक्षर लोक जपून ठेवतात, हे पूर्वीही लक्षात आलं होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार.

खाली चौघी सकाळपासून झाकणांवर टेप चिकटवताहेत. एरवी एका कामाला दोन रिळं लागतात, आज जेवायच्या सुट्टीपर्यंत चोवीस गेली. हसणं नाही, गाणं नाही, वर कोणी काही विचारायला येत नाही. स्पष्ट लेखनाने कारखान्यात किती शांतता नांदू शकते.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.

ग्रंथात नमुना म्हणून द्यायला ड्रॉइंग घरी आणलं आहे. हिला दाखवलं. ही घरी कपडे शिवते, लहान मुलींचे फ्रॉक जास्त करून. तोंडात टाचण्या, समोर कापड बेतायचे कागदी नमुने पसरलेले. म्हटलं, बघ, आमच्याकडेही असतात.

हिने पहिला कागद पाहिला, उलटा केला, दुसरा पाहिला. टाचण्या तोंडातून काढल्या. म्हणाली, अहो, रेघा मारलेली जागा सोडायची आहे.

मी हसलो. म्हटलं, फ्रॉक आणि लेप यांत फरक आहे.

हिने कोष्टकाखालच्या त्या मुंग्यांवर टाचणीचं टोक ठेवलं आणि वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं. रेघांच्या जागी लेप नको. तिथून वीज गाडीच्या सांगाड्यात उतरायची आहे. जागा गुळगुळीत आणि उघडी ठेवावी. बाकी सर्वत्र लेप.

अर्धं मिनिट लागलं तिला. अर्थात मी पहिल्या कागदाचा सखोल विचार करत होतो, म्हणून दुसऱ्याला वेळ मिळाला नव्हता.

सकाळी १०.३०. ही म्हणते, आत्ता फोन करा. मी म्हणालो, रविवार आहे, माणसाला विश्रांती असते. म्हणाली, लेप कधी मारणार? म्हटलं, उद्या दुपारी. म्हणाली, मग वेळ आहे. तेच तर, मी म्हणालो, वेळ आहे.

संकल्प: उद्या नऊच्या ठोक्याला खाली.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१०.

नऊला जिन्यात पोहोचलो होतो. तेवढ्यात मालक भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पंडितजी, ऐकलं, बोट न लावता काम चालू झालं म्हणे. बाबांच्या काळातलं एक तरी खूळ सुटलं. शाबास.

एकोणीस वर्षांत खांद्यावर हात पहिल्यांदा. अशा क्षणी चिठ्ठी उलटी लिहिली आहे असं सांगणं औचित्याला धरून झालं नसतं. अकराला सांगतो.

सकाळी ११. मालक बाहेर गेले आहेत. टेपताईंना सांगता येईल, पण आधी मालकांना सांगणं शिस्तीचं.

दुपारी १२.४०. खालून वाळूच्या माऱ्याचा आवाज येऊ लागला. लेप धरावा म्हणून आधी जागा खरखरीत करतात. सहा जागा. दोनशे चाळीस वेळा.

दुपारी ३. लेपाची पिचकारी सुरू. लेपाचं काम अर्ध्यावर थांबवणं घातक असतं असं कुठेतरी वाचल्याचं आठवतं.

संध्याकाळी ५. गिऱ्हाइकाचीच चूक असण्याची शक्यता तपासायला हवी. रेघा मारून 'इथे काही करू नका' म्हणणं हे मुळातच तर्कदुष्ट आहे. पत्र लिहून त्यांच्या नजरेस आणून देता येईल.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

हिने विचारलं, सांगितलंत का? म्हटलं, विषय मार्गी लागला आहे. हे खोटं नाही. एकशे वीस झाकणं भट्टीतून बाहेर आली.

ग्रंथ: प्रस्तावना सुरू केली. 'लेप म्हणजे काय?' इथपर्यंत.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी २.

सगळी झाली. दोनशे चाळीस झाकणं रांगेत. प्रत्येकावर सहा पांढरे ठिपके, फाशावर सहा पडावेत तसे. दिसायला फार सुरेख दिसताहेत हे निःपक्षपातीपणे नोंदवतो.

दुपारी ३. मीटरवाला आला. हा आमचा तपासनीस, हातात सदैव दोन वायरी आणि मीटर. आठवड्यात चार वाक्यं बोलतो. एक वायर झाकणाला लावली, दुसरीही झाकणाला, मीटर पिपाणीसारखं ओरडलं. मग एक वायर ठिपक्यावर ठेवली. मीटर गप्प. दुसरा ठिपका. गप्प. मीटरवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

त्याने आठवड्याची चारही वाक्यं एकदम वापरली. म्हणाला, हे उलटं झालंय. जिथे वीज अडायला हवी तिथे झाकण उघडं आहे, आणि जिथून ती गाडीच्या सांगाड्यात उतरायला हवी तिथे लेप आहे. गाडीत काही बिघडलं तर विजेला उतरायला वाट नाही. मग वाट म्हणजे सीटवर बसलेला माणूस.

तो मालकांकडे गेला. मी टेबलावरच्या पेन्सिली टोकदार केल्या. सात.

संध्याकाळी ५. लेप काढता येतो, पण वाळूने खरखरीत केलेली जागा पुन्हा गुळगुळीत होत नाही. सगळी झाकणं बाद. बस बनवणाऱ्यांचं काम अडणार. मालक खाली ओरडत होते. वर ऐकू येत होतं, पण शब्द स्पष्ट नव्हते. मी खिडकी लावून घेतली, वारा होता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

गिऱ्हाइकाचं पत्र. चूक कुठे झाली, कशी झाली, कोणाकडून झाली आणि त्यावर काय केलंत, हे आठवड्यात लेखी कळवा. मालक म्हणाले, पंडितजी, तुम्हीच लिहा, तुमचं इंग्रजी भारदस्त आहे.

चार खर्डे केले. शेवटचा निर्दोष झाला. त्यात लिहिलं आहे की मास्किंग विभागात टेप चुकीच्या जागी लावली गेली. अक्षरशः सत्य आहे. टेप कुठे होती? चुकीच्या जागी. कोणी लावली? मास्किंग विभागाने. कशी, असंही पत्रात विचारलं होतं, पण त्याला पत्राची एकंदर लय आड आली.

मालकांनी न वाचता सही केली. ते वाचतील म्हणून मी थोडा थांबलो होतो, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

१६ फेब्रुवारी, रविवार.

संकल्प: मालकांना सविस्तर निवेदन द्यायचं. तोंडी सांगण्यात भावनेचा भर होतो. लिहायला बसलो. 'मनुष्याचं ज्ञान आणि त्याच्या मर्यादा' इथून सुरुवात केली. आज दीड पान झालं. ग्रंथापेक्षा वेग बरा आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.३०.

गिऱ्हाइकाचं उत्तर. मास्किंगचा प्रमुख बदला, नाहीतर पुढची कामं दुसऱ्या कारखान्याला देऊ.

मालकांनी टेपताईंना वर बोलावलं. मलाही बोलावलं, टिपणं घ्यायला.

मालक वाईट माणूस नाहीत. पत्र वाचून दाखवताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. म्हणाले, बावीस वर्षांत तुमच्याकडून असं कधी झालं नाही, ताई, मलाही कळत नाही झालं कसं. तुम्हाला काही सांगायचंय का?

टेपताईंचा हात अॅप्रनच्या खिशात गेला. मी वहीत तारीख लिहीत होतो. तारीख लिहून झाली होती तरी लिहीत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असावं. हात बाहेर आला तेव्हा त्यात रुमाल होता. कपाळ पुसलं.

म्हणाल्या, नाही. महिनाअखेरपर्यंत हातातलं काम संपवते, पोरींना शिकवून जाते.

टिपणात लिहिलं: 'संबंधितांनी काही सांगायचे नसल्याचे सांगितले.'

संध्याकाळी ६. घरी. ही म्हणाली, चेहरा का असा? म्हटलं, मास्किंगच्या बाई नोकरी सोडताहेत. म्हणाली, त्या रविवारच्या झाकणापायी? म्हटलं, त्याला अनेक पदर आहेत. तिने शिवणयंत्र थांबवलं. म्हणाली, मला पदर सांगू नका, दिवसभर तेच शिवते. तुम्ही सांगितलं होतंत ना त्यांना?

मी म्हणालो, निवेदन तयार होतं आहे.

तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. जेवताना फक्त, भाजी हवी का, एवढंच बोलली. तेही भाजीकडे बघून.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

निवेदन पूर्ण. अकरा पानं. शनिवारी रात्रीपर्यंत सात होती, पण ज्ञान आणि कृती यांतल्या अंतराचा मुद्दा सुटला होता. मूळ घटना नवव्या पानावर तळटीपेत आली आहे. तिथे ती प्रवाहाला बाधा आणत नाही.

सकाळी दहाला मालकांच्या हातात दिलं. मनावरचं मोठं ओझं उतरलं.

दुपारी ३. मालकांनी बोलावलं. निवेदन त्यांच्या पुढ्यात, दुसऱ्या पानावर चष्मा ठेवलेला. म्हणाले, पंडितजी, लेख झकास आहे. मला सगळं कळलं नाही, पण एखाद्या मासिकाला पाठवून बघा. ते माणसाच्या मर्यादांचं फार पटलं.

मी आभार मानले.

तेव्हा माझ्या बाजूने निवेदन सादर झालं आहे. मालकांनी ते किती वाचावं हे माझ्या अधिकारात येत नाही. तरीही रात्रीचं जेवण गेलं नाही. दाढ दुखत असावी.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

एका वाक्यात सांगून टाकावं असा विचार आला. वाक्य मनात तयारही केलं. मालकांच्या दारापर्यंत तीनदा गेलो. एकदा आत पाहुणे होते. एकदा ते फोनवर होते. एकदा ते एकटेच होते आणि काही करत नव्हते, तेव्हा मी घड्याळ बरोबर आहे का, असं विचारून आलो. दोन मिनिटं मागे आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.

शेवटी खाली गेलो. कोणी बोलावलं नव्हतं.

टेपताई आपल्या टेबलावरचं आवरत होत्या. कात्री, दोन कानशी, टेप कापायचा चाकू. तिघी पोरी भिंतीशी उभ्या. एकीचे डोळे लाल. माझ्याकडे बघून तिने तोंड फिरवलं. म्हणजे चूक कोणाची हे खाली सगळ्यांना माहीत होतं. सुरुवातीपासून.

टेपताईंनी पोरींना हात धुऊन यायला पाठवलं आणि खिशातून चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, घ्या, तुमची आहे. आता धुण्यात गेली असती.

मी विचारलं, त्या दिवशी दाखवली का नाहीत?

म्हणाल्या, दाखवून काय झालं असतं? तुम्ही गेला असता. मला सोमवारपासून पलीकडच्या कारखान्यात काम आहे, तीन वर्षं मागे लागलेत. पण जाण्यायेण्यात एक बस जास्तीची पडेल आणि या पोरींची साथ सुटेल, म्हणून जात नव्हते. तुम्हाला आहे का कुठे सोमवारपासून?

कुचकेपणाने नाही म्हणाल्या. तब्येत विचारतात तसं विचारलं.

मग बोट लावायच्या नियमाचं निघालं. तो पोरींसाठी नव्हताच, म्हणाल्या. नळ्यांचा तो घोटाळा झाला तेव्हा थोरल्या मालकांनी मला एकटीला बोलावून सांगितलं होतं, चिठ्ठी बघू नकोस, पंडितांचं बोट बघ. चुकलं तर सरकव. माणूस चांगला आहे, त्याला काढायचं नाही, पण त्याच्या हातून कुणाचं काही होऊ द्यायचं नाही. म्हणून मी आधी ड्रॉइंग बघून ठेवायची, आणि मग तुमचं बोट.

मी विचारलं, ड्रॉइंग? ते तर वर असायचं.

म्हणाल्या, तुम्ही जेवायला जाता तेव्हा कपाट उघडंच असतं. या खेपेला तुम्ही कुलूप लावलं होतंत. मी दोनदा येऊन गेले.

हे खरं आहे. नवी पद्धत म्हणून लावलं होतं.

मग त्या म्हणाल्या, एक विचारू का, पंडितजी? रागावू नका. तुम्हाला ड्रॉइंग वाचता येतं का हो?

मी म्हणालो, अर्थात.

त्यांनी मान डोलावली, अगदी मी त्यांच्यापुढे डोलवायचो तशी, आणि पिशवी उचलली.

१ मार्च, शनिवार. सकाळी ९.

काल निघताना मालकांनी नवीन काम टेबलावर ठेवलं होतं. इस्पितळातल्या कसल्याशा यंत्राच्या मुठी. काही भागावर वीज अडवणारा लेप, काही भाग उघडा. चिठ्ठी सोमवारी सकाळी खाली जायला हवी. घरी घेऊन आलो.

तीन कागद आहेत. तिन्ही पाहिले. कोष्टकंही पाहिली. या खेपेला रेघा दोन प्रकारच्या आहेत, काही डावीकडे कललेल्या, काही उजवीकडे, आणि एके ठिकाणी नुसत्या तुटक.

सकाळी १०.१५. तेच तीन कागद.

ही आतल्या खोलीत फ्रॉकला बटणं लावते आहे. विचारलं तर अर्ध्या मिनिटात सांगेल. तिच्याशी आठवडाभर बोलणं नाही, ती बोलत नाही म्हणून. आणि सोमवारी कारखान्यात ती असणार नाही, त्याच्या पुढच्या कामालाही असणार नाही.

मालकांना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं ते एका ओळीचं आहे आणि ती ओळ मी अकरा पानांत लपवली.

मला ड्रॉइंग वाचता येत नाही. एकोणीस वर्षांत कधी आलंच नाही. त्या मुठी कोणीतरी आजारी माणूस हातात धरणार आहे, आणि माझं बोट सरकवायला आता खाली कोणी नाही. मला त्याची भीती वाटते आहे.